निघायची सोय

नावाच्या पाट्यांच्या धंद्यात पडल्यापासून बघतेय, लोक चिकटवायचं कशाने हे विचारतात, काढायचं कसं हे कोणी विचारत नाही. "ताई, एकदम पक्की बसली पाहिजे हां, निघता कामा नये." आणि त्याच दमात पुढे, "घर भाड्याचं आहे, जाताना घेऊन जाणार, दाराला डाग नको." या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही आहे ते आमच्या डोक्याला ताप.

ऑर्डर साधारण अशी असते. अ‍ॅक्रिलिकची पाटी, ३०० बाय १५० मिलीमीटर, ३ मिलीमीटर जाड, लेझरने कापलेली, त्यावर नवरा-बायको दोघांची आडनावं आणि हल्ली खाली कुत्र्याचं नाव. लावायची असते सेफ्टी डोअरच्या मधल्या पत्र्याच्या पट्टीवर, म्हणजे खाली एमएस, साधं लोखंड, आणि वर पावडर कोटिंगचा रंग. भोक पाडायचं नाही, कारण पुण्यात अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं आणि घरमालक काकांनी किल्ली देतानाच सांगितलेलं असतं की खिळा नाही, स्क्रू नाही. आणि वर आणखी एक अट, टेप दिसता कामा नये, पाटी दारातच बसल्यासारखी दिसली पाहिजे. ही शेवटची अट नुसती हौस नाही बरं का, जाड टेप लावली की पाटीमागे फट राहते, फटीत धूळ बसते, आणि सोसायटीतली लहान मुलं येता-जाता त्या फटीत नख घालून बघतातच, त्यांना कोण सांगणार.

म्हणजे पातळ हवं, धरून ठेवणारं हवं आणि निघणारं हवं. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी सहज मिळतात, तिसरी मागितली की भांडण सुरू.

पहिला सल्ला येतो फेविक्विकचा. घरात असतंच, दोन थेंब टाकले की झालं. या जातीच्या ग्लूचा जन्म मजेशीर आहे, १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचा केमिस्ट बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता, त्यात हे रसायन हाती लागलं आणि ते दिसेल त्याला चिकटायला लागलं म्हणून बाजूला ठेवून दिलं. पुढे १९५८ साली तेच ग्लू म्हणून बाजारात आलं. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यावर ते सेकंदात कडक होतं, पण कडक म्हणजे अगदी काचेसारखं कडक, बाजूने ओढलं तर जबरदस्त धरतं आणि कडेने उचललं किंवा दणका बसला की टणकन सुटतं. शिवाय सुकताना त्याची वाफ आजूबाजूला बसते, काळ्या अ‍ॅक्रिलिकवर पांढरी साय धरल्यासारखी दिसते, पाटीचा सगळा रुबाब जातो. आणि सुटल्यावर पत्र्यावर जे टेंगूळ उरतं ते घासायला गेलं की पावडर कोटिंगसकट निघतं. मग काका डिपॉझिट कापणार.

दुसरा सल्ला सिलिकॉनचा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन लोखंडाला गंज आणू शकतं, कोटिंगला कुठे ओरखडा असेल तर तिथून सुरुवात. बिनवासाचं घेतलं तरी काढल्यावर जो पातळ थर मागे राहतो त्याच्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही, रंगसुद्धा बसत नाही. आमच्याकडे अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, खिडकी उघडी ठेवून, कारण ते श्वासात जाणं चांगलं नाही. त्याने दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. पण पत्रा थोडाच विरघळतोय, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

आता वजनाकडे बघू, कारण सगळ्यांची भीती तीच असते, पाटी पडेल. अ‍ॅक्रिलिकची घनता साधारण १.१९, म्हणजे ही पाटी भरते जेमतेम १६० ग्रॅम. फोमच्या जाड डबल टेपसाठी, ती व्हीएचबी म्हणतात ती, साधा अंदाज असा आहे की एक किलो कायमचं लटकवायला ५५-६० चौरस सेंटीमीटर टेप पुरते. त्या हिशोबाने आपल्या पाटीला लागते नऊ-दहा चौरस सेंटीमीटर, म्हणजे १२ मिलीमीटर रुंदीची टेप घेतली तर आठ सेंटीमीटर लांबीचा एक तुकडा. आणि लोक काय करतात, चारही कडांना फिरवून, मध्ये फुली मारून, उरलेली टेप वाया जाऊ नये म्हणून तीही कुठेतरी लावतात. पाटीमागे जागा आहे ४५० चौरस सेंटीमीटर म्हणून ती सगळी भरलीच पाहिजे असं काही नाहीये. पक्की बसण्यासाठी जेवढी हवी त्याच्या कित्येक पट लावली की ती पक्की तेवढीच बसते, फक्त निघायची बंद होते.

पण निघत नाही याचं खरं कारण टेपच्या ताकदीत नाहीच. ते कशात आहे हे मला टिकलीमुळे नीट समजलं. आरशाला, बाथरूमच्या टाइलला, गोदरेजच्या कपाटाला बायका टिकली लावून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी नखाने उचलून परत कपाळाला लावतात, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. (आजीच्या काळी टिकली नव्हती तेव्हा आधी कपाळाला मेण लावायचं आणि त्यावर कुंकू, तोही बिचारा निघणारा गमच.) टिकलीचा गम निघतो कारण टिकली वाकते. नखाने कड उचलली की सगळा जोर त्या एका कडेच्या रेषेवर येतो, ती रेषा सुटते, मग पुढची सुटते, असं करत करत सगळी टिकली अलगद वर. नवीन स्टीलच्या डब्यावरचं लेबल पण तसंच, गॅसवर पाठीमागून जरा शेकायचं, गम मऊ होतो आणि कागद कोपऱ्यातून धरून ओढला की येतो, राहिलेलं चिकट खोबरेल तेलाने पुसायचं. आणि सगळ्यात भारी नमुना म्हणजे नवीन फ्रिजच्या दारावरचं, नवीन लिफ्टमधल्या स्टीलवरचं ते निळं-पांढरं प्लास्टिक. प्लास्टिक धातूला चिकटलंय, थर कागदापेक्षा पातळ, आणि ओढलं की डाग न ठेवता सरसर निघतं. जे गिऱ्हाईक माझ्याकडे मागतं ते सगळं त्यात आहे!

फक्त फ्रिजवरचं प्लास्टिक लवचिक असतं आणि माझी पाटी नाही. ३ मिलीमीटर अ‍ॅक्रिलिक वाकत नाही, पत्रा वाकत नाही, दोन ताठ माणसं समोरासमोर उभी राहिल्यासारखं, सुरुवात कोणी करायची? कड उचलली की पूर्ण पाटीच उचलायला जाते, जोर सगळ्या टेपवर एकदम वाटला जातो आणि तेवढा जोर आपल्या हातात नसतो. मग लोक स्क्रूड्रायव्हर घालतात. पाटीचा कोपरा तुटतो किंवा कोटिंगचा टवका उडतो, बहुतेक वेळा दोन्ही.

त्या फ्रिजवरच्या प्लास्टिकबद्दल अजून एक सांगते, कारण आपल्याकडे ते वर्षानुवर्षं न काढण्याची पद्धत आहे. उन्हात राहिलं की तेच प्लास्टिक असं काही बसतं की मग नखाने तुकडे तुकडे करून काढावं लागतं. दाबून चिकटणारा कुठलाही गम लावल्यावर हळूहळू पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत पसरत जातो. जाड अ‍ॅक्रिलिक टेपचा हिशोब असा सांगतात की वीस मिनिटांत निम्मी ताकद, २४ तासांत नव्वद टक्के, ७२ तासांत पूर्ण. निघणाऱ्या गमचंही तसंच, वेग कमी असतो एवढंच, आणि ऊन त्याला घाई करतं. त्यामुळे पाकिटावर 'रिमूव्हेबल' लिहिलंय याचा अर्थ कायम रिमूव्हेबल असा नसतो, किती महिने ते आत बारीक अक्षरात असतं, आणि मी आधी तेच वाचते.

ताठ वस्तू सोडवायचे मार्ग मोजकेच आहेत. एक म्हणजे कापणे. मासे पकडायचा तंगूस घ्यायचा, दोन्ही टोकं काडीला गुंडाळायची आणि पाटीमागून करवतीसारखा इकडून तिकडे चालवायचा, गाड्यांचे मोनोग्राम काढणारे हेच करतात, आधी हेअर ड्रायरने गरम करून. एक मिलीमीटर फोम असेल तर तंगूस लोण्यातून जातो. पण आपल्याला पातळ हवंय ना! नुसत्या गमची जी पातळ टेप येते, मधे फोम नाही की कापड नाही, ती ०.०५ नाहीतर ०.१३ मिलीमीटर असते आणि साधा तंगूस ०.३ च्या आसपास. शिरणार कुठून? पातळ मागणाऱ्यांना हे समजावताना माझी दमछाक होते, जाडी म्हणजे वाया गेलेली जागा नाही, काढणाऱ्या हाताला शिरायची वाट असते ती.

दुसरा मार्ग ताणून काढायचा, त्या भिंतीला हुक लावायच्या पट्ट्या येतात ना, खाली शेपटी असते ती सरळ खाली ओढायची, भिंतीला समांतर, हळूहळू. रबर ताणलं की बारीक होतं आणि बारीक होता होता दोन्हीकडून सुटत जातं. दोन ताठ वस्तूंमधून निघणारी ही एकच टेप मला माहितीय जिला ना उष्णता लागते ना केमिकल. मोबाइलच्या बॅटरीखालीही अशाच शेपट्या असतात, रिपेअरिंगवाल्याला विचारा, मधेच तुटली की तो काय काय बोलतो. पाटीसाठी अडचण एवढीच की शेपटी बाहेर दिसते, आत दुमडून ठेवली तर काढताना सापडत नाही, आणि नाही म्हटलं तरी ती जराशी जाडच पडते.

तिसरा उष्णता. अ‍ॅक्रिलिक शंभर डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळे हीट गन अजिबात नाही, तिची हवा तीनशेच्या वर जाते आणि पाटी पापडासारखी वळते. हेअर ड्रायर चालतो. त्यातही बहुतेक लोक ड्रायर पाटीवर धरून बसतात, आणि अ‍ॅक्रिलिक तर उष्णता पुढे जाऊच देत नाही. सेफ्टी डोअर उघडायचं, मागे जायचं आणि पत्रा तापवायचा, गम लगेच मऊ पडतो, मग पाटीला दोन्ही हातांनी धरून चावीसारखा पीळ द्यायचा, उचकटायचं नाही.

चौथा केमिकलचा, त्याला मी शक्यतो हात लावत नाही. अ‍ॅसिटोनने अ‍ॅक्रिलिक विरघळतं. एवढंच काय, नुसतं आयपीए म्हणजे मोबाइल दुकानातलं अल्कोहोल लेझरने कापलेल्या कडेला लागलं तरी बारीक बारीक तडे जातात, कारण लेझरच्या उष्णतेने त्या कडेत ताण अडकलेला असतो. तडे त्याच दिवशी दिसत नाहीत, नंतर पाटी उन्हात धरली की कडेला जाळं दिसतं.

ऊन म्हटलं की आणखी एक भानगड. पश्चिमेच्या गॅलरीतलं गडद रंगाचं दार मे महिन्यात दुपारी चारला हाताला चटका देतं. थंडीतल्या पहाटेपासून तिथपर्यंत चाळीस डिग्रीचा फरक धरला तर ३०० मिलीमीटरची पाटी जवळजवळ ०.८४ मिलीमीटरने वाढते आणि तेवढाच पत्रा वाढतो फक्त ०.१४ ने, कारण अ‍ॅक्रिलिक स्टीलपेक्षा सहापट जास्त पसरतं. म्हणजे ०.७ मिलीमीटरचा फरक, मधून मोजला तर प्रत्येक टोकाला ०.३५. फोमची टेप असेल तर ती तिरकी होऊन हे सहन करते, तिच्या पोटात जागा आहे. ०.०५ च्या टेपला म्हणायचं की बाई तुझ्या जाडीच्या सातपट सरक, ती कशी सरकणार, रोज थोडी थोडी ढिली होते आणि एक दिवस टोकं सुटलेली दिसतात. लोक म्हणतात टेप खराब होती. टेप चांगली होती हो, जागा चुकली.

म्हणून पातळ टेप लावायची असेल तर कडेला लावायचीच नाही. मधल्या भागात दोन उभ्या पट्ट्या, एकमेकींपासून दहा सेंटीमीटरवर. तिथे ताण टोकाच्या एक तृतीयांश. गिऱ्हाइकाला हे बघून कसंतरीच होतं, "कोपऱ्यात नाही लावली?" मी म्हणते वहिनी, वजनाला आठ सेंटीमीटर पुरतात, मी वीस लावलीय, आता झोपा शांत.

आणि निघायचं काय? तर मी जे करते ते म्युझियमवाल्यांच्या विचाराने जाणारं आहे. जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्यांचा दंडकच असतो की आज केलेलं काम उद्याच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. त्यांचा एक आवडता गम आहे, पॅरालॉइड बी-७२, तो वर्षांनंतरही अ‍ॅसिटोनमध्ये परत विरघळतो, फुटकी मातीची भांडी त्याने जोडतात. आपल्या पाटीला तो चालणार नाही, एक तर अ‍ॅसिटोन, आणि दुसरं म्हणजे तो चाळीस डिग्रीलाच नरमतो, नागपूरच्या उन्हाळ्यात काय होईल बघा. पण त्यांची दुसरी सवय उचलण्यासारखी आहे, मूळ वस्तू आणि गम यांच्या मधे एक बळीचा थर ठेवायचा.

तो थर आमच्या दुकानात रोलने पडलेला असतो, रिमूव्हेबल विनाइल, दुकानांच्या काचांवर सेलची अक्षरं लावतात ते, जेमतेम ०.०८-०.१ मिलीमीटर. दाराच्या रंगाचं नाहीतर पारदर्शक घ्यायचं, पाटीपेक्षा चहूबाजूंनी पाच-सात मिलीमीटर लहान कापायचं, आधी ते पत्र्यावर लावायचं. मग पाटी त्या विनाइलवर पातळ टेपने, अगदी घट्ट बसणाऱ्या. पाटीच्या बाजूचा सांधा पक्का, दाराच्या बाजूचा नरम. काढताना पत्रा मागून तापवून पीळ दिला की पाटी सुटते, थोडी टेप घेऊन, थोडी विनाइलवर सोडून, गम कुठे का राहीना, तो दारावर नाहीये, विनाइलवर आहे. आणि विनाइल तर वाकतं! कोपरा धरून टिकलीसारखं ओढलं की सगळा पसारा घेऊन निघतं. काकांना दार दाखवायचं, डिपॉझिट घ्यायचं.

लावताना पुसायचं मात्र नीट. पावडर कोटिंगच्या वर मेणासारखा तुळतुळीतपणा असतो, त्यावर काहीही लवकर बसत नाही. अर्धं आयपीए आणि अर्धं पाणी, स्वच्छ कापड, फक्त पत्र्यावर, आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं. सॅनिटायझर नको, लोक हमखास तेच घेतात कारण कोविडपासून घरोघरी बाटल्या आहेत, पण त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते मागे राहतं. मग दाबायचं, बोटाने नाही, कापड गुंडाळलेल्या लाकडी पट्टीने, मधून बाहेर. आणि पाटीला तीन दिवस हात लावायचा नाही, हे मी लेखी देते कारण तोंडी कोणी ऐकत नाही.

मॅग्नेट का नाही, असं विचारणारे असतात. पातळ मॅग्नेटिक शीट एमएसला छान धरते, पण एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, दारातलं ३०४ ग्रेडचं स्टील तिला ओळखही देत नाही, आणि धरलं तरी कोणीही येता-जाता पाटी काढून घेऊन जाऊ शकतं. आमच्या भागात एकाच्या पाटीची अदलाबदल झाली होती, शेजाऱ्याच्या दारावर याचं नाव, पोस्टमन वैतागला.

एक बरं वाटतं की निघायच्या सोयीचा विचार आता मोठ्या कंपन्यांनाही करावा लागतोय. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये बॅटरीखालच्या गमला नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीने करंट दिला की तो मिनिट-दीड मिनिटात धातू सोडतो. युरोपात कायदाच झालाय, फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत, त्यामुळे चिकटवणाऱ्यांना काढणाऱ्याचं ऐकावं लागणार. पाटीला करंट द्यायची वेळ यायला अजून अवकाश आहे, आणि आली तरी आमची गिऱ्हाइकं आधी भाव विचारतील.

हे सगळं पुण्यातल्या जिन्यात, छपराखालच्या दाराला. चिपळूण, महाडकडून कोणी ऑर्डर दिली आणि दार पावसाच्या तोंडावर असलं तर मी विनाइलचं नावही काढत नाही. चार महिने पाणी कडेने आत शिरत राहतं, खाली कोंडतं, आणि पावडर कोटिंगला एक चरा असला तरी तिथे गंज धरतो, निघणारा गम निघतोच, पण आपल्याला हवा तेव्हा नाही. तिथे मी सरळ सांगते, घरमालकांना फोन लावा, दोन स्क्रूची परवानगी घ्या, एसएसचे स्क्रू, भोकं लहान, जाताना बुजवून देऊ म्हणावं. बहुतेक जण हो म्हणतात, कारण तिकडे त्यांच्या स्वतःच्या पाटीला पण स्क्रूच असतात.